घाटात ५० किलोमीटर धावणाऱ्या मित्राला साथ द्यायची आहे : कुठं उभं राहायचं, काय द्यायचं, काय टाळायचं?

पऱ्हाटी_दर्यापूर (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. आमचा मित्र डिसेंबरात एका रविवारी ५० किमी अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यत) धावतो आहे. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून धामणगाव गढी, तिथून घाट चढून चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावाच्या बाजूला वळण, आणि आल्या रस्त्यानं परत. सुटायची वेळ पहाटे ५, कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, ८ तासांचा. नकाशात पायथ्याचं मदत केंद्र १२ व्या किलोमीटरला आहे आणि वळण २५ व्या. म्हणजे येताना पायथा ३८ ला पडतो. आम्ही चौघं जण, एक चारचाकी, एक मोटरसायकल. दर पाच किलोमीटरला दिसायचं असं मनात आहे. सामानाचं, वेळेचं आणि बोलण्याचंही नीट सांगा. त्यानं वर्षभर मेहनत घेतली आहे, आमच्यापायी ती वाया जाऊ नये.

---

घाटवाट

दर पाच किलोमीटरचा बेत सोडून द्या. घाटात गाडी वळवायला जागा मोजक्या असतात आणि दर वेळी त्याच्या पुढे जायचं म्हणजे धावणाऱ्यांच्या रांगेतून गाडी काढणं आलं. धूर, हॉर्न, हेडलाइट हे सगळं त्या सगळ्यांच्या वाट्याला येतं. मार्ग जाऊन-येऊन आहे हे तुमचं नशीब. जागा तीनच धरा: पायथा, वळण, शेवट. पायथ्यावर तो दोनदा मिळतो, म्हणजे भेटी चार झाल्या. पन्नास किलोमीटरला पुरेशा आहेत.

आता वेळ. त्याला प्रत्येक टप्प्याचा वेग विचारून कागदावर मांडा. सरासरी वेग धरू नका, घाटात तो हमखास फसवतो. उदाहरणादाखल :

सपाट १२ किमी, ७ मिनिटांनी एक : ८४ मिनिटं, म्हणजे पायथा ६:२४.
चढ १३ किमी, साडेनऊ मिनिटांनी : १२४ मिनिटं, वळण ८:२८.
उतार १३ किमी, साडेसात मिनिटांनी : ९८ मिनिटं, पायथा १०:०६.
शेवटचे १२ किमी, साडेआठ मिनिटांनी : १०२ मिनिटं, ११:४८.

तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबला तर बारा वाजून गेले. पहिल्या भेटीत पाच मिनिटं इकडेतिकडे होतील, चौथीत अर्धा-पाऊण तास सहज होतो. पण अंदाजापेक्षा लवकरही येऊ शकतो, म्हणून पहिल्या दोन जागी वीस मिनिटं आधी आणि परतीच्या पायथ्यावर चाळीस मिनिटं आधी हजर असा.

शेवटचे १२ किमी उताराइतक्या वेगानं का धरले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. परतवाडा सुमारे ३७० मीटरवर आणि चिखलदऱ्याचं पठार सुमारे १,१०० वर. चढताना दम लागतो, पण मांडीचा पुढचा स्नायू खरा फुटतो तो उतरताना, कारण दर पावलाला तो ताणत-ताणत वजन पेलतो. ३८ ला तो हसतमुख येईल आणि ४२ ला सपाट रस्त्यावर चालायला लागेल. हे आधीच माहीत असलं की तुम्ही घाबरत नाही.

---

सायकलवारी_वर्धा

आधी नियमपत्रिका वाचा भाऊ, मग खरेदी. तीन गोष्टी शोधा. बाहेरची मदत चालते का, आणि चालत असेल तर कुठं? बऱ्याच शर्यतींत ती फक्त मदत केंद्राच्या ठरलेल्या हद्दीत चालते. सोबत कोणी धावलेलं चालतं का? "दोनशे मीटर संगतीनं पळतो" हेही कित्येक ठिकाणी बाद होण्याचं कारण आहे. आणि मागे-पुढे गाडी लावलेली चालते का? बहुतेक नाही. शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा, उत्तर फोनमध्ये जपून ठेवा.

एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. सायकलच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत (२०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास) सोबतच्या लोकांची मदत फक्त नियंत्रण ठाण्यावर चालते, मधल्या रस्त्यावर पाण्याची बाटली दिली तरी दंड होऊ शकतो. ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं) बाहेरच्या मदतीला सहसा मनाईच. तिथं टाळ्या वाजवायच्या आणि हात खिशात ठेवायचे.

---

परिचारिका_मोर्शी

खाण्यापिण्याचं आणि तब्येतीचं सांगते.

एवढ्या लांब पल्ल्याला तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर लागते. सराव असलेले ९० पर्यंत घेतात. मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, उकडलेला आलू १०० ग्रॅमला १७ ते २० ग्रॅम. म्हणजे एक केळं, एक लहान आलू मिठासोबत आणि गुळाचा खडा एवढ्यात तासाभराची सोय होते. फल्लीदाण्याची चिक्की लोक हौसेनं देतात. तिच्यात तेल बरंच असतं, पोटात रेंगाळते आणि सुक्या तोंडात चावत नाही. ती शेवटच्या रेषेपलीकडे द्या.

ओआरएसबद्दल मोठा गैरसमज आहे. एका लिटरमध्ये ग्लुकोज अवघं साडेतेरा ग्रॅम. ते मीठ-पाण्यासाठी आहे, पोट भरायला नाही, सोबत खाणं हवंच. एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकलं की द्रावण फार तीव्र होतं आणि मळमळ सुरू होते. रात्रीच कालवून ठेवू नका, सकाळी करा आणि २४ तासांत संपवा.

पाणी तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर, थंडीत कमी, दहा वाजल्यानंतर जास्त. तहानेप्रमाणे पिऊ द्या. "पी, पी" म्हणून नुसतं साधं पाणी पाजणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, डोकं ठणकणं, उलटी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी देऊ नका, केंद्रावरच्या डॉक्टरांकडे न्या.

याउलट अंग भाजतंय, चालताना तोल जातोय, विचारलेलं कळत नाही, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईस्तोवर थांबून राहू नका : सावलीत घ्या, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा आणि जमेल तेवढ्या सगळ्या अंगावर थंड पाणी ओता, दुपट्ट्यानं वारा घाला. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. डिसेंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पहाटे दहा-बारा अंश असलं तरी दुपारी तीसच्या जवळ जातं, आणि पहाटेचं जॅकेट अंगावर तसंच राहिलेलं असतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी धावताना देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला इजा करते. तो मागेल, तेव्हाही नाही म्हणा.

---

गावखारी

गावातलं मी सांगतो. पायटी पाच-सहाला रस्त्यावर मानूस पळताना दिसला की कुत्री हमखास मागे लागतात. शनवारीच गावात जाऊन सांगजा, की उद्या पायटी कुत्री बांधून ठेवा. पोलीस पाटलाले आन् सरपंचाले सांगितलं की निरोप घरोघरी जाते. आठ-नवाच्या सुमारास गुरं चराले निघतात. गुराख्याले एक दिवस आधी भेटजा. तो कळप दहा मिनिटं थांबवीन, काही अडचन नाही. पन त्याले कोनी सांगतच नाही, आन् मंग धावनारा खिल्लाराच्या मधात सापडते. कापसाच्या बैलबंड्या आन् ट्रॅक्टर बी या दिवसात सकाळीच निघतात, भरलेला ट्रॅक्टर मागचं पाहू शकत नाही.

लेकरं टाळ्या वाजवाले येतीन, आनंदच हाय. त्यायले एकाच बाजूनं उभं करजा, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. चढावर टाळी देली तर चालते, उतारावर नाही. उतारावर मानूस वेगात असते, हात वढला गेला की तोल जाते.

हार, गुलाल नको. गुलाल घामासंगं डोळ्यात उतरते. आन् पानी मारायचं तर डोक्यावर, मानेवर. जोड्यात गेलं की फोड आलाच म्हना.

---

घाटवाट

गावखारी भाऊंनी लाख मोलाचं सांगितलं. ढोल-डफडं वाजवायचं तर गावातच वाजवा, घाटात नाही. हा मेळघाटचा परिसर आहे. जंगलाच्या हद्दीत गाणी, फटाके, सतत हॉर्न काहीच नको. अंधारात रस्ता सोडून झाडीत शिरू नका, इकडे अस्वल आहे. वानरांचंही ध्यानात असू द्या : केळ्यांचा डबा टपावर किंवा कठड्यावर ठेवला की गेला. सगळं खाणं झाकणाच्या क्रेटमध्ये, क्रेट गाडीत, आणि काच वर.

गाडी लावण्याबद्दल. वळणावर, पुलावर, दरीच्या कडेला कधीच नाही. सरळ पट्ट्यात, डोंगराच्या बाजूला, चारही चाकं डांबराबाहेर. हँडब्रेक, चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, आणि चाकाखाली दगड. निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका, मागून धावणाऱ्यांचे पाय येत असतात. रविवारी आठनंतर फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढतात, त्यामुळे वळणाच्या जागी सव्वासातच्या आत पोहोचा. पायथ्यावरची भेट साडेसहाला उरकली तर हे आरामात जमतं. उतरताना समोरून चढणारे अजून असतील, वीसच्या वर काटा जाऊ देऊ नका. घाट मध्येच बंद झाला तर वर जायला घटांगकडून दुसरा रस्ता आहे, पण तो लांबचा फेरा आहे. त्याच्या भरवशावर वेळ आखू नका. पेट्रोल परतवाड्यातच भरा.

---

पऱ्हाटी_दर्यापूर

सगळ्यांचे आभार. तीन जागांवर आलो. दोन शंका. लाइव्ह लोकेशन चालेल ना? आणि बाटली हातात कशी द्यायची? थांबवायचं की पळत पळत?

---

घाटवाट

घाटात रेंज सलग मिळत नाही. लोकेशन अडकून बसतं आणि तुम्हाला वाटतं तो पडला. त्यावर विसंबू नका. आधीच्या केंद्रावरून तो निघाल्याची वेळ आणि कागदावरचा वेग, एवढं खरं धरा. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस टाका, क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो. आणि एक करार आधीच करा : "आम्ही ठरल्या जागी नसलो तर थांबू नको, केंद्रावरचं पाणी घे आणि नीघ." गाडी पंक्चर होऊ शकते. तुमची वाट पाहण्यात त्याची दहा मिनिटं जायला नकोत.

अंधारात त्याला ओळखायचं कसं, हेही ठरवा. हेडलॅम्पमागे सगळे सारखेच दिसतात. तुमच्यापैकी एकानं लाल किंवा हिरवी पट्टी लावलेला टॉर्च जमिनीकडे धरून उभं राहायचं, म्हणजे तोच तुम्हाला ओळखेल. टॉर्च त्याच्या डोळ्यांवर मारला तर पुढची काही मिनिटं त्याला खड्डा दिसत नाही. उजाडायला सातच्या आसपास होतात, तेव्हा पहिली भेट अंधारातलीच आहे.

बाटली देण्याची पद्धत अशी. वळण संपल्यावर पन्नास-एक पावलं पुढे उभे राहा, म्हणजे तो तुम्हाला आधी पाहतो आणि मनात तयार होतो. झाकण आधीच सैल. बाटली बुडाशी दोन बोटांत धरायची, वरचा भाग त्याच्यासाठी मोकळा, हात आडवा लांब. चढावर त्याच्या बाजूनं चार पावलं चालत द्या, तेवढं चालतं का हे मात्र नियमात बघून घ्या. केळं निम्मं सोललेलं, एनर्जी जेलच्या पुडीचं टोक फाडलेलं. रिकामी बाटली आणि साल घ्यायला दुसरा माणूस दहा पावलं पुढे हवा. एकानंच दोन्ही करायला गेलं की बाटली खाली पडते.

चौघांची कामं वाटून घ्या : एक बोलणारा, एक देणारा, एक घेणारा, एक वेळ लिहिणारा. बोलणारा एकच. चौघं एकदम बोलायला लागले की दमलेल्या माणसाला एकही शब्द कळत नाही.

---

अंजनगावची_लेक

बोलायचं काय, हा प्रश्न राहिलाच. "थोडंच राहिलं" हे वाक्य पहिल्या दिवसापासून बंद करा. ३८ व्या किलोमीटरला थोडं राहिलेलं नसतं, आणि त्याला ते माहीत असतं. खरा आकडा सांगा : "बारा राहिले, सपाट आहेत, पुढचं पाणी चार किलोमीटरवर." "चेहरा उतरलाय रे" असंही नको. तो चेहरा त्याला दिसत नाही, तुमच्या बोलण्यातून दिसतो.

"कसं वाटतंय?" विचारलं तर उत्तर "बरं" असंच येणार. त्यापेक्षा विचारा : शेवटचं कधी खाल्लं? लघवी झाली का, रंग कसा होता? पायात कुठं घासतंय? या तीन प्रश्नांत कामाचं सगळं कळतं. नाव घेऊन हाक मारा. आणि तुमचा मित्र येईपर्यंत मुकाट उभे राहू नका हो. पुढून जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर नंबर असतो, कित्येकदा नावही असतं. "चल रे भाऊ, मस्त चाललंय", "ताई, लय भारी" एवढं म्हणायला काही लागत नाही. मागे राहिलेल्यांना तर ते जास्त लागतं, कारण त्यांच्यापर्यंत येईस्तोवर टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात.

बायका सोबत असतील तर लघवीची सोय परतवाड्यात उरकून घ्या, नंतर वर वळणाच्या गावात विचारा. मदत केंद्रावरचं स्वच्छतागृह धावणाऱ्यांसाठी असतं. थांबणाऱ्यांनाही थंडी वाजते, त्याच्यापेक्षा जास्त. स्वेटर, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा स्वतःसाठीही ठेवा.

---

परिचारिका_मोर्शी

क्रेटमध्ये काय हवं ते लिहिते, शनिवारी रात्री भरा. सहा-आठ केळी. उकडलेले सोललेले आलू डब्यात, मीठ वेगळं. गूळ. ओआरएसची चार पाकिटं आणि मोजून एक लिटरची बाटली. साधं पाणी दहा लिटर, त्यातलं निम्मं अंगावर ओतायला. दोन जोड मोजे. पेट्रोलियम जेली. इंचभर रुंदीचा कागदी चिकटपट्टीचा रोल, कात्री, सेफ्टी पिना. टोपी, टॉवेल, दुपट्टा. हेडलॅम्पचे जास्तीचे सेल. वर्तमानपत्र, कारण ओला मोजा काढताना पाय टेकवायला कोरडी जागा लागते. नवीन काहीच नको : जे त्यानं सरावात खाल्लं नाही ते शर्यतीत देऊ नका, भावाच्या घरचा लाडू असला तरी. आदल्या रात्री तर्रीवाले पोहे, सावजीचा रस्सा, हेही नको.

मोजे बदलायचे तर वळणावर, उताराच्या आधी. उतरताना पाय पुढे सरकतो, ओला मोजा असेल तर अंगठ्याचं नख आणि बोटांची टोकं जातात. जोड्याची वरची गाठ उतारासाठी घट्ट करून द्या.

---

पऱ्हाटी_दर्यापूर

आणि तो "नाही होत, सोडतो" म्हणाला तर?

---

घाटवाट

हे आदल्या दिवशी त्याच्याशीच बोलून घ्या. त्याला विचारा, मी तुला कशासाठी अडवू आणि कशासाठी अडवू नको?

माझं मत असं : वळणावर किंवा ३८ ला सोडायचं म्हणाला तर दहा मिनिटं मागा. बसू द्या, पण गाडीत नाही. गाडीतली गादी आणि बंद काच यांतून उठणं फार अवघड. खडबडीत दगडावर बसवा, खांद्यावर दुपट्टा टाका, काहीतरी गोड आणि काहीतरी खारट द्या, आणि गप्प राहा. पुष्कळदा ती भूक असते. दहा मिनिटांनी चालत चालत केंद्राबाहेर पन्नास पावलं जायला सांगा, मग ठरव म्हणावं.

वेळेचं गणित तुमच्याजवळ तयार हवं. कटऑफ दुपारी १ वाजता. ३८ पासून १२ किमी, साडेनऊ मिनिटांनी एक, म्हणजे ११४ मिनिटं. म्हणून ११ वाजता पायथा सोडला तर सहाच मिनिटं हातात राहतात. मधल्या केंद्रांचे कटऑफ वेगळे असतील, तेही लिहून घ्या. ११ नंतर निघाला तर त्याला खोटी आशा दाखवू नका. सरळ सांगा, आणि तरी पूर्ण करायचंय म्हणाला तर आयोजकांना विचारा.

पण गोंधळलेलं बोलणं, सारखी उलटी, छातीत दुखणं, एकाच पायात टोचरी वेदना आणि लंगडणं, यांत दहा मिनिटं वगैरे काही नाही. तिथंच थांबवायचं. तो चिडेल. चिडू द्या.

---

परिचारिका_मोर्शी

रेषा ओलांडल्यावर लगेच मिठी मारून जागच्या जागी उभं करू नका. धावणं एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. हात धरून दहा मिनिटं चालवा. पडलाच तर आडवं करून पाय वर घ्या. शुद्धीवर नीट असेल तर बहुतेक लवकर सावरतो. शुद्ध हरपली किंवा बोलणं विचित्र झालं तर डॉक्टर. ओला बनियान पहिल्या पाच मिनिटांत बदला, उन्हातही अंग गार पडतं. मग पेय घोट-घोट, आणि तासाभरात वरण-भात.

परतीची गाडी त्यानं चालवायची नाही. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा झालीच नाही, तर मांडीचे स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण आहे. झोपून बरं होईल म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या.

---

पऱ्हाटी_दर्यापूर

कळलं. शेवटचं एकच. गावातून संत्री पोतंभर मिळताहेत. केंद्रावर सगळ्यांना वाटली तर?

---

गावखारी

आयोजकायले इचारून देजा. फोडी सोलून, बिया काढून, ताटात. एकाले दोन-तीन फोडी, जास्त नाही, आंबट पोटात गेलं की कोनाकोनाले जळजळते. सालं आन् बिया चुंगडीत भरून वापस आनजा. रस्त्यावर साल पडलं तर मागचा घसरते, आन् जंगलात टाकलं तर वानरं सडकेवर येऊन बसतात. उरलेली संत्री शेवटच्या रेषेवर, तिथं कितीबी.